रडू द्यायचं नाही

माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली. मुलीचं ब्लडप्रेशर अचानक चढलं, थांबलो तर दोघींच्या जिवाला धोका आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि दुपारीच सिझर झालं. मी तेव्हा सटाण्याला माझ्या घरी होते. पुढच्या आठवड्यात ओटी भरायची म्हणून हिरवी साडी आणून ठेवली होती. जावयांचा फोन आल्यावर ती साडी मी का कोण जाणे पिशवीत घातली आणि नाशिकची एसटी पकडली.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सारा जन्म लहान मुलांत गेला. पडलेली, भाजलेली, फिट आलेली, विंचू चावलेली पोरं मी दवाखान्यात नेली आहेत. माझे हातपाय कधी गळाले नाहीत. पण त्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीसमोर उभी राहिले आणि शेजारच्या नर्सचं मनगट घट्ट धरलं. नात किलोभरही नव्हती. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता याव्यात. तोंडात नळी, आणि मशीन हवा ढकलेल तशी छाती वरखाली होत होती. हे मूल स्वतः श्वास घेत नाही, एवढं मला कोणी न सांगता कळलं.

बाळंतपणाचे दीडदोन महिने काढायचे आणि परत जायचं, अशा हिशोबानं मी आले होते. दोन वर्षं राहिले.

मशीनवरून ती निघाली, मग नाकावर मास्क आला. मास्क निघाला की दोन दिवसांत परत लावावा लागे. मुलगी टाके सुकायच्या आतच रोज हॉस्पिटलात जाऊन बसायला लागली. दूध काढून नर्सकडे द्यायचं, ते नळीतून थेंबाथेंबानं पोटात जायचं. आजूबाजूच्या पेट्यांमधली बाळं वजन वाढवून घरी जात होती. काही जात नव्हती. एखाद्या पेटीभोवती पडदा ओढला की आम्ही सगळ्या बायका खाली फरशीकडे बघायचो. त्या पडद्यामागच्या बाईशी सकाळीच चहा घेताना बोललेलो असायचो.

पावसाळा संपून हवा कोरडी झाली तेव्हा कुठे घरी सोडायची भाषा सुरू झाली. त्याआधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायचा ठरला. इको करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"हिची फुप्फुसं अजून तयार व्हायची होती," त्या म्हणाल्या. "मशीननं तिला जगवलं, पण त्याच दाबानं आणि ऑक्सिजननं फुप्फुसांना इजाही झाली. त्याला आम्ही जुनाट फुप्फुसविकार म्हणतो. ते तुम्हाला माहीतच आहे. आज नवं दिसलं ते असं, की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही आवळल्यात. त्यांच्यात रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला फार जोर लावावा लागतोय."

मी विचारलं, "म्हणजे बीपी का? मलाही आहे."

"तुमचं बीपी दंडाला पट्टा बांधून मोजतात, आजी. हे फुप्फुसातलं आहे. ते बाहेरून मोजता येत नाही, इकोवर अंदाज घ्यावा लागतो."

मुलीनं विचारलं, "धोका नेमका कशाचा आहे?"

"ऑक्सिजन कमी पडला की या वाहिन्या आणखी आवळतात. आवळल्या की ऑक्सिजन आणखी कमी पडतो. हे एकदा सुरू झालं की फार झपाट्यानं होतं."

"आणि सुरू कशानं होतं?"

"सर्दी, न्यूमोनिया, धूर, कडक थंडी. दूध श्वासनळीत गेलं तर. आणि फार रडली तर."

"बाळ आहे, रडणारच ना," जावई म्हणाले.

"थोडं रडेल. पण श्वास कोंडेपर्यंत रडू द्यायचं नाही."

त्या वाक्यानंतर त्यांनी आणखी बरंच सांगितलं असणार. मला त्यातलं काही आठवत नाही.

नाशिकातच, पाथर्डी फाट्याच्या बाजूला मुलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. बाळाच्या आधी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. छोट्या कपाटाएवढं, दिवसरात्र घरघरणारं. ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि लांब नळीतून बाळाच्या नाकाशी पोचवतं. वीज गेली तर म्हणून दाराशी एक लहान सिलिंडर. बाळाच्या पावलाला एक पट्टी गुंडाळलेली असायची, तिची वायर एका डबीला, आणि डबीवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. पंच्याण्णवच्या आसपास असला की आम्ही जेवायचो, बोलायचो. नव्वदच्या खाली उतरला की डबी ओरडायची. बहुतेक वेळा पट्टीच सरकलेली असे. पण ते कळेपर्यंत तोंडाला कोरड पडायची, ती शेवटपर्यंत पडायचीच. सवय झाली नाही.

औषधाचा एक वेगळाच प्रकार होता. गोळी कुटून तिच्या बारीक पुड्या करून घ्यायच्या आणि एकेक पुडी पाण्यात विरघळवून द्यायची. जावई चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तर दुकानदार गालात हसला आणि हळूच म्हणाला, "हे तुमच्यासाठी का?" ती गोळी पुरुष दुसऱ्याच कारणासाठी घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. जावयांनी सांगितलं की आपलं बाळ चार महिन्यांचं आहे, त्याच्या फुप्फुसांसाठी आहे. दुकानदार मग खुर्चीवरून उठला आणि पुढे दर वेळी गोळ्या घरी आणून देऊ लागला. जावई हे सांगताना हसले. मुलगी हसली नाही. बऱ्याच दिवसांत ती हसली नव्हती.

घरातली उदबत्ती बंद झाली. फोडणी नको म्हणून मी उकडलेलं आणि शिजवलेलं रांधायला लागले. पाहुण्यांना दारातूनच परत पाठवत होतो आणि नातेवाइकांत वाईट होत होतो. आणि बाळाला रडू द्यायचं नव्हतं. तिनं ओठ काढले की आम्ही जिथे असू तिथून धावायचो. दुधाची वेळ व्हायच्या आधी दूध. लंगोट ओला व्हायच्या आधी बदलायचा. मुलगी आंघोळीला गेली तर मी बाळाजवळून हलत नसे, मी स्वयंपाकघरात गेले तर ती. दोन मोठ्या बायका एका मुठीएवढ्या जिवाच्या भुवईकडे बघत दिवस काढत होत्या. भुवई लाल झाली की ती रडणार, हे आम्हाला डबीच्याही आधी कळायचं.

विहीणबाई देवळ्याजवळच्या गावाहून आल्या, त्या थंडीच्या सुरुवातीला. शेतकरी घरातल्या, अंगानं धट्ट्याकट्ट्या, मनानं मोकळ्या. दारातच पाय धुतले, हात साबणानं दोनदा धुतले, तोंडाला मास्क बांधला, आणि लांबूनच विचारलं, "पोर कशी शे?"

मी म्हटलं, "बरी आहे. बसा ना."

त्या नातीजवळ गेल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी गडावरच्या देवीला बोलले हाय. पोर घरी आली का गडावर आणून पायावर घालीन. आता आली हे घरी. कधी नेऊ?"

मुलगी आतून आली. "आई, तिला उंचावर न्यायचं नाही. तिथली हवा विरळ असते. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलंय."

"सगळं जग लेकरं घेऊन जातं, सूनबाई."

"त्यांच्या लेकरांना श्वास घेता येतो."

ती हे इतक्या थंडपणे बोलली की मलाच कसंसं झालं. मला वाटलं, आता भांडण होणार, जावई मध्ये सापडणार. पण विहीणबाई उठल्या, नळीला पाय लागू नये म्हणून लुगडं उचलून धरत पाळण्यापाशी गेल्या, आणि पाळण्याच्या दांड्यालाच हात लावून परत आल्या. निघताना मला जिन्यात म्हणाल्या, "विहीणबाई, मला लय भ्या वाटतं तिच्याकडं बघायला. मी बोलले ते देवीच्या भ्यानं बोलले. नवस राह्यला तर ती कोपंल, असं वाटतं." मीही मनातून तेच मोजत होते. दोघींपैकी कोणाचं ऐकलं नाही तर जास्त वाईट होईल, डॉक्टरांचं की देवीचं.

जानेवारीत नाशिकला थंडीची लाट आली. मुलगी इन्शुरन्सच्या ऑफिसात पुन्हा कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. जावयांची अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी होती. बाळाचं नाक दोन दिवस गळत होतं. डॉक्टरांना दाखवलं होतं, छाती मोकळी आहे, लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

दुपार होती. मी तिला वाटी-चमच्यानं दूध पाजलं, खांद्यावर घेतलं, ढेकर काढली. खाली ठेवताना तिला ठसका लागला. तोंडातून थोडं दूध आलं आणि ती रडायला लागली. मी उचललं, पाठीवरून हात फिरवला, गुणगुणले. एरवी एवढ्यानं ती थांबायची. या वेळी रडणं वाढलं. डबी ओरडायला लागली. मी पट्टी बघितली, ती जागेवर होती. ऐंशी. मी मशीनचा ऑक्सिजन डॉक्टरांनी शिकवला होता तसा वाढवला. सत्तरच्या घरात. ओठ जांभळे झाले, मग नाकाभोवती, मग साऱ्या चेहऱ्यावर करडी छटा पसरली. राखेसारखा रंग. तसा रंग मी जिवंत माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

आणि तेव्हा ती रडायची थांबली. इतके महिने आम्ही तिचं रडणं थांबवायला धडपडत होतो, आणि आता ती माझ्या हातावर मान टाकून गप्प होती. मी तिच्या तळपायावर टिचकी मारत होते आणि म्हणत होते, "रड ग बाई, रड."

समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त सुभेदार राहत. देवळाली कॅम्पातल्या तोफखान्यात नोकरी झालेली, उत्तरेकडचे, पण मराठी चांगलं बोलायचे. मी लाथेनंच त्यांचं दार ठोठावलं, कारण हात मोकळे नव्हते. त्यांनी दार उघडलं, बाळाकडे एकदा बघितलं आणि काहीही विचारलं नाही. आमच्या घरात शिरले, सिलिंडर काखेत मारला, नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली. मला म्हणाले, "आप बस बच्ची पकडो, ताई. बाकी माझ्यावर."

गाडीत मागच्या सीटवर मी, मांडीवर ती, पायांत सिलिंडर. ते समोर बघून गाडी चालवत होते आणि थोड्या थोड्या वेळानं विचारत होते, "साँस आहे?" मी म्हणायचे, "आहे." मला खरं तर कळत नव्हतं. तिच्या नाकाशी नळी होती, त्या नळीतल्या हवेची झुळूक माझ्या बोटाला लागत होती, आणि ती तिचा श्वास आहे की सिलिंडरचा, ते ओळखता येत नव्हतं. मुंबई नाक्याच्या गर्दीत गाडी अडली. ते खाली उतरले, पुढच्या दोन रिक्षांच्या छपरांवर थापा मारून त्यांना बाजूला घेतलं, परत येऊन बसले. "साँस आहे?" मी म्हटलं, "आहे."

हॉस्पिटलच्या दारात एका नर्सनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि पळाली. माझे हात तसेच वाकडे राहिले. सुभेदारांनीच मला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि मुलीला, जावयांना फोन केले.

तिला पुन्हा मशीनवर घातलं. झोपेचं औषध दिलं, अंग सैल पडायचं औषध दिलं, म्हणजे तिनं जराही विरोध करू नये. मशीनच्या हवेत एक वेगळा वायू सोडला, फुप्फुसातल्या वाहिन्या उघडणारा. इकोवाल्या डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मुलगी पोचली होती. डॉक्टर म्हणाल्या, "हृदयाची उजवी बाजू थकलीय. वायूचा गुण येतोय का, ते बघतोय. आत्ता यापेक्षा जास्त सांगणं खोटं होईल."

मुलीनं मला सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दूध किती पाजलं, ठसका कधी लागला, ऑक्सिजन कधी वाढवला. मी शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांना सांगावं तसं क्रमानं सांगत गेले. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. पुढचे दोन दिवस तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. शेजारी बसायची, डबा दिला तर घ्यायची, आणि नजर भिंतीवर. मला वाटलं, ही मला दोष देते आहे. देऊ दे, असंही वाटलं. कोणाला तरी दिलाच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कॉरिडॉरच्या खिडकीशी उभी होती. मी चहा घेऊन गेले. ती खाली पार्किंगकडे बघत म्हणाली, "आई, ऑफिसात फोन आला ना, तेव्हा एक क्षण मला वाटलं, सुटेल एकदाची. ती पण आणि मी पण." मग म्हणाली, "म्हणून मला तुझ्याकडे बघता येत नव्हतं. तू तिला घेऊन धावत होतीस आणि मी हे."

मी चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, पण ती लहान नव्हती. मी म्हटलं, "आधी चहा घे." तिनं घेतला. अर्धा प्यायली आणि उरलेला मला दिला, शाळेत असताना द्यायची तसा. तिच्याबद्दल एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. आत नातीसाठी डॉक्टर होते. हिच्यासाठी कोणीच नव्हतं, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

वायूचा गुण आला, पण सावकाश. मधे एकदा तो कमी केला तर आकडा लगेच घसरला, परत वाढवावा लागला. मशीनवरून निघायला फेब्रुवारी संपला. तपासणीत सापडलं, की पाजलेलं दूध थोडं थोडं वर येऊन तिच्या श्वासनळीत उतरत होतं, रोज, आम्हाला दिसेल असं न ठसकताही. म्हणून फुप्फुसांना बरं व्हायला सवडच मिळत नव्हती. मग नाकातून पोटात बारीक नळी घातली आणि तोंडानं पाजणं बंद केलं. वाहिन्या सैल करणारं दुसरं औषध जोडलं. घरी येताना ती आधीपेक्षा जास्त नळ्या घेऊन आली, पण अंगाचा रंग बरा होता.

मुलीनं नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. मी तिच्या ऑफिसच्या मैत्रिणीला गाठून एका समुपदेशक बाईंचा पत्ता मिळवला आणि मुलीला तिथे पाठवायला लागले. पहिल्यांदा ती रागावली. मग दर आठवड्याला जाऊ लागली. त्या वेळेत घरी मी आणि विहीणबाई असायचो. विहीणबाईंनी नळीतून दूध घालणं शिकून घेतलं होतं. सिरिंज हातात उंच धरून, दूध आपोआप उतरेपर्यंत त्या श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. चैत्रात त्या एकट्याच गडावर जाऊन आल्या. पायऱ्या चढून गेल्या, नातीचं झबलं देवीच्या पायाला लावून आणलं. मुलीनं ते धुवून उन्हात वाळवलं आणि बाळाला घातलं. तो विषय दोघींनी तेवढ्यावर संपवला.

नवीन फुप्फुस मूल वाढतं तसं वाढतं, असं डॉक्टर सांगायच्या. आम्ही त्या वाक्यावर दिवस काढले. दर इकोच्या आदल्या दिवशी घरात कोणी नीट जेवत नसे. एका इकोला दाब थोडा उतरला. पुढच्या वेळी तेवढाच राहिला. मग पुन्हा उतरला. आधी दिवसाचा ऑक्सिजन निघाला, बऱ्याच महिन्यांनी रात्रीचा. नाकातली नळी निघाली आणि ती मऊ भात खायला शिकली. औषधं एकेक करून बंद झाली. मशीन न्यायला माणसं आली तेव्हा मुलगी त्यांना म्हणाली, "पुढच्या महिन्यात या." माणसं पुढच्या महिन्यात आली, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. शेवटी जावयांनी ते दिलं.

आता नात चार वर्षांची आहे. वयाच्या मानानं लहानखुरी, पळाली की दमते, बोलते मात्र अखंड. वर्षातून एकदा इको असतो. मुलगी पुन्हा कामाला जाते. मी सटाण्याला परत आले. नाशिकहून अवेळी फोन आला तर उचलायच्या आधी मी भिंतीला हात टेकते.

गेल्या उन्हाळ्यात नात पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. कांद्याचे दिवस होते, रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचे, धूळ आणि फोलपटं उडायची. मी खिडक्या लावून घ्यायचे आणि ती उघडायची. दुसऱ्या दिवशी तिला शिंका आल्या. ताप नव्हता, खेळत होती, तरी मी तिला सारखी जवळ बोलवायचे आणि बोटांची नखं निळसर तर पडली नाहीत ना, ते बघायचे. गुलाबी होती. परत थोड्या वेळानं बघायचे.

"आजी, तू सारखं काय बघते?"

"तुझी नखं छान आहेत म्हणून बघते."

"मग नेलपॉलिश लाव ना. लाल."

शेजारच्या मुलीकडून तिनं बाटलीसुद्धा आणली. मी ओसरीवर बसून एकेक बोट रंगवलं. ती फुंकर मारत होती आणि मी तिची फुंकर किती लांब जाते ते मोजत होते. नऊ बोटं झाली आणि मी झाकण लावलं.

"हा अंगठा राहिला."

"संपलं ग नेलपॉलिश."

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, कानाशी हलवली, उजेडात धरून बघितली. "आहे की अजून," म्हणाली, आणि अंगठा माझ्यापुढे धरून बसून राहिली.